आजोबांचं कौलारू घर: पाडू नका, यंदा फक्त छप्पर करा

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. लांजा तालुक्यातलं घर, आजोबांनी १९३८ च्या सुमाराला बांधलेलं, जोतं आणि पुढची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या दगडाची, आतल्या भिंती मातीच्या, वर मंगलोरी कौलं. आजी गेल्यापासून नऊ वर्षं बंद, गणपतीत काय ते पाच दिवस उघडतं. माजघरात गळतंय, मागच्या पडवीचा एक वासा मोडून लोंबतोय, ओटीच्या दोन खांबांना वाळवी लागलीय. चुलतभाऊ म्हणतो पाडा आणि स्लॅबचा बंगला बांधा, बाबा म्हणतात माझ्या हयातीत हात लावू नका, आणि तुमची मुलगी म्हणते मी वर्षातले चार महिने तिथे राहून लॅपटॉपवर काम करीन पण बाथरूम आणि नेट पाहिजे. पाडायचं का दुरुस्त करायचं, आणि करायचं तर सुरुवात कुठून, असा तुमचा प्रश्न.

मी राजापूर, लांजा, संगमेश्वर या पट्ट्यात २६ वर्षं जुन्या घरांची कामं करतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी हे घर पाडण्यासारखं अजिबात नाही. पण सगळं काम एका मोसमात उरकायला जाऊ नका, हे मी जीव तोडून सांगतो कारण पैसे तिथेच वाया जातात. या वर्षी फक्त छप्पर आणि घराभोवतीच्या पाण्याची वाट, मग एक अख्खा पावसाळा घर बघायचं, कुठे ओल येते कुठे येत नाही ते, आणि बाथरूम, आतली लादी, रंग, वायरिंग त्यानंतरच्या दिवाळीला. मुंबईचे लोक सुट्टी काढून येतात आणि मे महिन्यात एका दमात फरशी रंग सगळं करून जातात, आणि गणपतीला येऊन बघतात तर नव्या रंगाला पोपडे आणि फरशीखालून पाणी.

आधी घर कशामुळे बिघडलं ते समजून घ्या. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत, तरी ही घरं ऐंशी नव्वद वर्षं उभी आहेत, ती लाकडाच्या ताकदीवर तर आहेतच पण रोज घरात चूल पेटायची म्हणूनही. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटीतून बाहेर जायचा, त्याने वासे काळे पडायचे, सुके राहायचे, कीड जवळ यायची नाही. जमीन आठवड्याला सारवली जायची, कुठे वाळवीचं वारूळ धरलं तर आजीच्या नजरेतून सुटायचं नाही. दरवर्षी मे महिन्यात कौलं परतली जायची. घर बंद झालं की हे सगळं एकदम थांबतं, एक कौल सरकतं, त्यातून दोन पावसाळे एकाच वाशावर पाणी पडतं, आणि मग लोक म्हणतात घर जुनं झालं.

छपराचं सविस्तर सांगतो कारण हातात दहा रुपये असतील तर सहा इथे जाणार आहेत. सुतार घेऊन माळ्यावर चढा, बरोबर एक टॉर्च, एक जाड पेचकस आणि हातोडी. प्रत्येक वासा दोन ठिकाणी तपासायचा, एक भिंतीवर टेकतो तिथे आणि दुसरा आढ्याला मिळतो तिथे, मधला भाग सहसा चांगलाच असतो. हातोडीने ठोका, खणखणीत आवाज आला तर पुढे चला, भद्द आवाज आला तिथे पेचकस टोचा. वासा किंजळ किंवा ऐनाचा असेल तर तुम्हालाच आश्चर्य वाटेल, वर बोटभर सड दिसते आणि आत लाकूड असं कडक की खिळा वाकतो. जिथे टोकच गेलंय तिथे पूर्ण वासा बदलायची गरज नाही, सडका भाग तिरका कापून त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा जोड द्यायचा आणि दोन बोल्ट आरपार घालायचे, बोल्ट गॅल्व्हनाइज्डच घ्या, आपल्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. रिपा, म्हणजे वाशांवरच्या ज्या आडव्या पट्ट्यांवर कौलं टेकतात त्या, मात्र सरसकट नव्या घाला, त्यात कंजुषी नको.

लाकूड कुठून आणायचं? मोडलेल्या घरांचं जुनं लाकूड आपल्या भागात विकत मिळतं, ते पहिली पसंती, कारण ते पूर्ण सुकलेलं असतं आणि आता नव्याने पीळ खात नाही. घरचं झाड तोडणार असाल तर साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस या सगळ्याला तोडीची परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे, वनखात्याकडे अर्ज करा, झाड आपल्या जमिनीत असलं तरी. आणि ओलं लाकूड चढवू नका, सुतार काहीही म्हणो. दुसरी गोष्ट, घर उघडलं की कोणीतरी येईल आणि म्हणेल तुमचे कोरीव खांब आणि पुढचं दार मला द्या, चांगले पैसे देतो, नवं दार बसवून देतो. ही दारं शहरातल्या हॉटेलात जातात. देऊ नका हो, तसं दार आता कोणी करून देणार नाही.

कौलं. तुमची कौलं उलटी करून बघा, मागे कारखान्याचा छाप असेल. मंगळूरला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर हे कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरलं आणि नळीची कौलं मागे पडली. जुनं कौल बोटाच्या पेराने वाजवलं की घंटेसारखं वाजलं पाहिजे, वाजलं तर ते तुमच्या नातवंडांनाही पुरेल, शेवाळ खरवडून, धुऊन परत चढवायचं. जे बद्द वाजतं ते काढून टाका. नवी कौलं घालायची तर ती एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, एकत्र घाला, जुन्यात मधेमधे मिसळू नका, कारण प्रत्येक कारखान्याच्या मापात थोडा फरक असतो, खाचा बसत नाहीत आणि नेमकं तिथेच गळतं. रिपांचं अंतरही जे कौल घालणार ते हातात घेऊनच ठरवायचं, सुताराला नुसतं तोंडी माप सांगू नका.

आता माकडांचं. अर्ध्या कोकणाने कौलं काढून पत्रे घातले ते यांच्यामुळेच, मी कुणाला दोष देत नाही, रोज सकाळी टोळी घरावरून उड्या मारत गेली की माणूस कंटाळतो. पण पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही, आणि पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तुमची मुलगी तिथे कॉलवर कशी बोलणार? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मी मंडणगड दापोलीकडे महिनाभर कामाला होतो, तिथे पत्रे त्यांच्या पाइपांसकट उडून बागेत पडलेले बघितले, आणि कौलारू घरांची कौलं गेली होती पण ज्यांचं लाकूड धड होतं त्यांचा सांगाडा जागेवर होता, कौलं चढवली की घर परत राहायला तयार. मी हल्ली असं करतो: वाशांवर आधी पातळ पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या, त्यावर रिपा आणि वर कौलं. उभ्या पट्ट्यांमुळे पत्रा आणि कौल यात दीडेक इंच हवा खेळते आणि कौल फुटून पाणी आलंच तर पत्र्यावरून वळचणीला निघून जातं, आत येत नाही. खर्च वाढतो पण माकडांनी चार कौलं फोडली म्हणून तुम्हाला ठाण्याहून धावत यावं लागत नाही. फक्त स्वयंपाकघरावर पत्रा घालू नका, तिथे धूर आणि वाफ जायला नुसती कौलंच ठेवा, आढ्याजवळ दोन काचेची कौलं घाला.

छपराबरोबर पाणी. पागोळ्या पडतात ती रेघ बघा, तिथे खड्डे पडून पाणी सरळ जोत्याकडे मुरतं. घराभोवती अडीच तीन फूट चिऱ्याची बांधणी करून बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि पन्हळ लावून पाणी लांब न्या. आणि एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, इतक्या वर्षांत घराच्या मागे डोंगराकडून माती येऊन साचलेली असते. बाबांना विचारा, लहानपणी मागीलदारी किती पायऱ्या होत्या. तीन होत्या आणि आता एकच दिसत असेल तर दोन पायऱ्यांची माती तुमच्या भिंतीला टेकून बसलीय आणि वर्षभर ओल पाजतेय. ती माती उपसा. एका घरी आम्ही फक्त एवढंच केलं, मागची माती काढली आणि गटार खणलं, पुढच्या पावसाळ्यात देवघराची भिंत कोरडी.

खांबांच्या वाळवीला घाबरू नका. लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, उभा असतो, वाळवी जमिनीतून येते, तळखड्यावरून मातीची नळी करून खांबात शिरते. मागच्या वर्षी साखरप्याकडे एका ओटीचा खांब बघायला गेलो, मालक म्हणाले पोकळ झालाय, काढून सिमेंटचा घाला. खालच्या वीतभर भागात पेचकस मुठीपर्यंत गेला, आतून भाकरीच्या चुऱ्यासारखा भुसा सांडला. बरोबर दीड फूट वर टोचलं तर टोक सुद्धा शिरेना. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, जॅक लावून अर्धा इंच उचललं, खांबाचा खालचा दीड फूट कापला आणि तिथे काळ्या दगडाचा घडवून घेतलेला उंच तळखडा बसवला. दोन दिवसांचं काम. तुमच्या दोन खांबांचंही बहुतेक हेच होईल. वाळवीचं औषध देणारे भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडतात, ते करून घ्या, पण विहीर किती लांब आहे ते त्यांना आधी दाखवा आणि विहिरीच्या बाजूला औषध नको म्हणून स्पष्ट सांगा. मातीच्या नळ्या दिसल्या की मोडायच्या, हे मात्र कायमचं काम.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. माझं पहिलं स्वतंत्र काम माझ्या मामाचं घर होतं, मातीच्या भिंतींना मी जाळी मारून मस्त सिमेंट प्लॅस्टर केलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मातीची भिंत खालून ओल घेते आणि अंगातून बाहेर टाकते, मी तिचं अंगच बंद केलं. तिसऱ्या पावसात प्लॅस्टरचा हातभर तुकडा माजघरात कोसळला, मागची माती चिखल झाली होती, बोट घातलं तर आत जात होतं. नशिबाने तिथे कोणी झोपलं नव्हतं. ती भिंत मी माझ्या पैशाने परत बांधली. तेव्हापासून मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा, तीच जुनी माती भिजवून त्यात भाताचा पेंढा बारीक कापून आणि शेण घालून आठ दिवस कुजवायची, आणि चिऱ्याच्या भिंतीला चुना. कळीचा चुना आणून विरवून निदान दोन तीन आठवडे भिजत ठेवावा लागतो, गवंड्याला सवय नसेल तर तो टाळाटाळ करेल, माणूस बघूनच घ्या. वाळू खाडीची नको, खारट असते, भिंतीला लोणा लागतो. वरून रंगही चुन्याचाच, प्लॅस्टिक पेंट म्हणजे परत तेच, भिंतीचं तोंड बांधणं. चिऱ्याची बाहेरची भिंत उघडी ठेवली तरी चालते, चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागेल तसा कडक होत जातो, फक्त सांधे चुन्याने भरून घ्या.

भिंतीला भेग असेल तर भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच तडकलेली असेल तर भिंत हलतेय, मग इंजिनिअरला बोलवा. काच शाबूत असेल तर भेग जुनी आहे, बुजवून टाका. एक पावसाळा थांबा म्हणतो ते यासाठीही. ओळंबा लावून बघा, भिंतीला पोट आलं असेल तर ते मात्र थांबण्यासारखं नाही, तिथे आधीच टेकू द्या.

तुमच्या चुलतभावांनी आणखी एक सुचवलंय, भिंती राहू द्या आणि नुसता वर स्लॅब टाका. हे तर कधीच करू नका. मातीच्या सांध्याच्या भिंती कौलांचं वजन घ्यायला बांधलेल्या आहेत, काँक्रीटचं वजन कितीतरी जास्त. आपण कोयनेपासून लांब नाही, ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट बाबांच्या लक्षात असेल, विचारा त्यांना. अशा भिंतींवर स्लॅब म्हणजे माणसांच्या डोक्यावर धोंडा टांगून ठेवणं.

बाथरूमचं मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याशिवाय पुढची पिढी तिथे राहणार नाही. पण ते जुन्या घराच्या आत घालू नका. मागच्या पडवीला लागून वेगळ्या पायावर, नवीन चिऱ्यात, जुन्या भिंतीपासून दोन इंच फट ठेवून बांधा आणि पडवीतून छपराखालूनच जायची वाट ठेवा, रात्री पावसात भिजायला नको. फट वरून पत्र्याने झाका. शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला, आपला जांभा दगड सच्छिद्र आहे, पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून जितका लांब नेता येईल तितका न्या. बाबांसाठी एक कमोड, हाताला धरायला दांडी आणि ओटीच्या पायऱ्यांना कठडा, हे आत्ताच धरून चाला.

वायरिंगला मातीच्या भिंती खणू देऊ नका, भिंतीवरून पाइप न्या, उंदीर वायर कुरतडतात म्हणून पाइप हवाच, अर्थिंग नवीन, आणि मेन बोर्डाला शॉक लागला की लाइन बंद करणारा स्विच. नेटचं आधी मोबाइल घेऊन घरात फिरून बघा, बऱ्याचदा ओटीवर रेंज येते आणि माजघरात शून्य, मग तिची बसायची जागा ओटीच्या टोकाला काढता येईल. जमिनीला चकचकीत टाइल्स नकोत, खालची ओल बाहेर येऊ शकत नाही आणि मग ती भिंतीत चढते. निदान माजघर आणि देवघर शेणाचं ठेवा, जमणार नसेल तर सांधे चुन्याने भरून शहाबादी फरशी. चूल मोडू नका, गॅस शेजारी ठेवा.

कागद. खरं तर हे पहिलं काम, गवंड्याला अॅडव्हान्स द्यायच्या आधीचं. सातबारा काढा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, घर कुणाच्या नावावर आणि घराखालची जमीन कुणाच्या नावावर ते वेगवेगळं बघा, कोकणात हे दोन्ही एक नसणं फार कॉमन आहे. आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद करून घ्या, आणि त्यात तुमच्या दोन्ही आत्यांची नावं येणारच. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलींना १९५६ पासून वाटा आहे आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच. आत्यांना आत्ताच सोबत घ्या, कोण किती पैसे घालतंय आणि गणपतीत घर सगळ्यांचं, हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मी तीन घरं अशी बघितलीत की काम सुंदर झालं आणि पुढच्याच वर्षी भावाभावांत बोलणं बंद, नव्या छपराखाली कुलूप. पुढे बाबांना त्यांचा हिस्सा तुम्हाला किंवा नातीला द्यायचा असेल तर बक्षीसपत्र करता येतं, राहत्या घराला आणि शेतजमिनीला मुलं नातवंडांसाठी आपल्याकडे मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, नोंदणीचा खर्च वेगळा.

बाबांचं "हात लावू नका" हे मला तरी समजतं, त्यांना वाटतंय काम काढलं की घर ओळखू येणार नाही. त्यांना एकदा तिथे खुर्ची टाकून बसवा आणि कोण कुठे झोपायचं, धान्याची कणगी कुठे होती, पाऊस कुठल्या बाजूने झड मारायचा ते विचारा, मुलीला लिहून घ्यायला सांगा. मला कामात याचा खरंच उपयोग होतो, झडीची बाजू कळली की तिकडची वळचण फूटभर वाढवून देता येते.

दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत कामाचे दिवस, मृगाच्या आधी छप्पर बंद झालंच पाहिजे, त्यामुळे सुतार आत्ताच बांधून ठेवा, चांगले सुतार फेब्रुवारीत मिळत नाहीत. झडीच्या बाजूला बांधायला माडाची झापं लागतील, ती पण वाडीत आत्ताच सांगून ठेवा. गावाला गेलात की वाशांची भिंतीवरची टोकं, दोन्ही खांबांचे तळखडे, मागीलदारच्या पायऱ्या आणि आढ्याचा आतून फोटो काढून पाठवा, मी बघून सांगतो कुठलं लाकूड किती लागेल. आणि निघताना किल्ली वाडीतल्या एखाद्या काकीकडे देऊन ठेवा, आठवड्यातून दोनदा दारं खिडक्या उघडायच्या आणि तासभर चूल पेटवायची, त्याचे महिन्याला ठरवून पैसे द्या. या एका कामाला ना सुतार लागत ना कुणाची सही.